केसभर सैल

रविवार, ५ जानेवारी

आली एकदाची! मशीन आणि ग्राइंडर, दोन्ही. खालापूर फाट्याजवळचा तो शनिवार-रविवारचा कॅफे बंद पडला, त्यांचं सामान निघालं होतं, मी उचललं. टेंपोवाल्याने ओट्यावर ठेवून दिलं आणि विचारलं, "मॅडम, दुकान टाकताय?" नाही रे बाबा. एका बाईला घरी बसून एक कप चांगली कॉफी प्यायची आहे. एवढंच.

नाना दारातून बघत होते. चष्मा वर, चष्मा खाली. मग ग्राइंडरपाशी येऊन म्हणाले, "हे काय आणलंस गं? गिरण?"

गिरणच म्हणायची. आत दोन पोलादी चकत्या, एक स्थिर, एक फिरती. बाहेर एक कडं. कडं उजवीकडे फिरवलं की चकत्या जवळ येतात, पूड बारीक. डावीकडे फिरवलं की लांब जातात, पूड भरड. आणि ह्या कड्यावर आकडे नाहीत, खाचा नाहीत, काही नाही. कुठेही थांबतं. विकणारा म्हणाला, हीच तर ह्याची खुबी. मला आत्ताच दिसतंय की हीच ह्याची खोड आहे.

चाळीस वर्षं खालापूरच्या बाजारात पिठाची गिरण चालवलेला बाप घरात. म्हणून पहिल्याच दिवशी सांगून टाकलं — नाना, ह्याला हात लावायचा नाही. अजिबात! नाजूक आहे. "मी कशाला लावू?" म्हणाले आणि बाहेर जाऊन बसले. जरा जास्तच कडक बोलले का मी? बोलले.

पहिला कप नऊ सेकंदांत भसकन. पाणीच. दुसऱ्याला एक मिनिट होऊन गेलं तरी चार थेंब. तिसरा बेसिनमध्ये. चौथा प्यायले, कारण हट्ट.

सोमवार, ६ जानेवारी

नियम लिहून फ्रिजवर लावला. अठरा ग्रॅम पूड आत. छत्तीस ग्रॅम कॉफी बाहेर. अठ्ठावीस सेकंदांत. लवकर उतरली तर आंबट, उशिरा उतरली तर कडू. वेळ चुकली तर बाकी कशाला हात लावायचा नाही. फक्त कडं, तेही केसभर.

रसायनीच्या लॅबमध्ये बावीस वर्षं मी हेच करते आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला, लिहून ठेवा, पुन्हा बघा. फरक एवढाच की तिथलं काही चाखायचं नसतं.

मंगळवार, ७ जानेवारी

१४ सेकंद. १९. २३. पेपरमागून आवाज — "किती कप पिशील गं?" पीत नाही नाना, मोजते.

बुधवार, ८ जानेवारी

अठ्ठावीस!! संध्याकाळी सात वाजता, कंपनीच्या बसमधून उतरून चप्पलसुद्धा न काढता. दांडीच्या गाळणीतून आधी दोन काळे थेंब, मग उंदराच्या शेपटीएवढी धार, मध्यापासून पिवळसर होत गेली. वर जाड तपकिरी साय. आणि चव — गुळाची, थोडी संत्र्याच्या सालीची. मी एकटीच ओट्याशी उभी राहून हसत होते.

नानांना एक घोट दिला. "काढा हाय," म्हणाले. "कुनाला खोकला झालाय?"

येसूबाई फिरायला बोलवायला आल्या. शेजारच्या. पंचाहत्तरीच्या आहेत पण चालायला माझ्या पुढे. रोज सव्वासातला आम्ही दोघी नदीच्या पुलापर्यंत जाऊन येतो. कपाकडे बघून म्हणाल्या, "एवढुशा कपात? भातुकली खेळतंस काय गं ह्या वयात?" खेळते! पंचेचाळिसाव्या वर्षी, स्वतःच्या ओट्यावर.

गुरुवार, ९ जानेवारी

सकाळी. काही बदललं नाही. तीच पूड, तेवढीच, तसंच दाबलं. १९ सेकंद.

एकोणीस! काल अठ्ठावीस, आज एकोणीस. आंबट ढाण. बस चुकता चुकता राहिली.

शनिवार, ११ जानेवारी

काल संध्याकाळी पुन्हा अठ्ठावीसवर आणलं. आज सकाळी ३४. म्हणजे रोज एकाच बाजूला सरकतं असंही नाही! काल सैल, आज घट्ट.

संशयित — थंडी, हवेतली ओल, विजेचा दाब, शिळ्या बिया. नेटवर सगळे छातीठोकपणे ओलीला दोष देतात. लॅबमधलं ओल मोजायचं छोटं यंत्र पर्समधून घरी आणलं. (सोमवारी परत नेऊन ठेवणार. चोरी नाही ही.) रात्रीची ओल आणि सकाळची ओल जवळजवळ तीच. मग?

नानांनी चहात साखरेऐवजी मीठ घातलं आज. दोघांच्याही. मी म्हटलं, चला, घरात आज कुणालाच प्यायला काही धड मिळणार नाही.

रविवार, १२ जानेवारी

युक्ती केली. लाल नेलपॉलिशचा एक बारीक ठिपका कड्यावर, एक त्याच्या बरोब्बर समोर खालच्या भागावर. दोन्ही समोरासमोर म्हणजे अठ्ठावीस सेकंद. नेलपॉलिशची बाटली उघडून तीन वर्षं झाली असतील. अखेर कामाला आली.

सोमवार, १३ जानेवारी

ठिपके समोरासमोर नाहीत. कडं केसभर डावीकडे. हवामान नाही हे. हे माणूस आहे!

घरात माणसं दोन. त्यातली एक मी.

"नाना, तुम्ही ग्राइंडरला हात लावता का?"

"मी? नाय बा." पेपर वर. मग पेपर जरा खाली. "तुजं तू बग."

मंगळवार, १४ जानेवारी. संक्रांत

सकाळी तिळगूळ. नानांनी येसूबाईंना लाडू दिला, आणि दहा मिनिटांनी पुन्हा बोलावून पुन्हा दिला. येसूबाई म्हणाल्या, "दुप्पट ग्वाड बोलू काय तुमच्याशी?" खूप हसलो.

दुपारी रूपेशचा पुण्याहून फोन. माझा धाकटा भाऊ, पण फोनवर तोच थोरला. मी हसत हसत सांगून गेले — अरे, आमच्याकडे भूत आलंय, रोज रात्री माझा ग्राइंडर फिरवून जातं, आणि नाना म्हणतात मी नव्हेच! मला वाटलं हसेल.

"ताई, ते करतात आणि विसरतात."

काहीतरीच काय! म्हटलं मी. तर त्याने यादीच काढली. दिवाळीत त्याच्या मुलीला सारखं माझ्या नावाने, 'हर्षे' म्हणत होते. फोनवर तेच दोनदा सांगतात. आणि आता हे. "तू दिवसभर रसायनीला. गॅस चालू राहिला म्हणजे?" म्हणे सव्वीस तारखेला रविवार आहे, सुट्टी आहे, तो गाडी घेऊन येणार. स्मृतीचे डॉक्टर आहेत पुण्यात, सत्तावीसची वेळ तो घेऊन ठेवणार. "आणि नंतर नाना इथेच राहतील. कायमचे. आमचं घरात बोलून झालंय."

तुमचं बोलून झालंय! मला कुणी विचारलं? फोन आपटला. मोबाइल आपटता येत नाही हेही त्याच क्षणी लक्षात आलं.

बुधवार, १५ जानेवारी

मीच तोंड उघडलं. एका कॉफीच्या कपासाठी, एका विनोदासाठी.

पुण्यात नववा मजला. खाली उतरलं तर गेटवरचा वॉचमन नाव-गाव विचारतो. इथे भिसेगावात नाना दूध आणायला गेले तरी अर्धा तास लागतो, कारण कुणीतरी भेटतंच. साजगावच्या कारखान्यात कामाला असलेली, आता म्हातारी झालेली माणसंही वाटेत थांबवतात. "गिरणवाले नाना ना तुमी? आमची आई तुमच्याकडंच दळायची." मग आईचं नाव, मग तांदूळ कुठला, भाकरी कशी व्हायची. नाना घरी येतात ते दोन इंच उंच होऊन.

आणि खरं लिहायचं तर — मला नाना घरात हवेत. आई जाऊन सहा वर्षं झाली. कुलूप उघडून आत जायची मला सवय नाही. लावून घ्यायचीही नाही. बस.

शुक्रवार, १७ जानेवारी

नानांवर पाळत. आज वार कोणता? काल भाजी कसली होती? "परीक्षा घेतंस काय गं माजी?" चिडले. वार बरोबर सांगितला. भाजी चुकली, पण काल वांगं होतं की परवा ते मलाही आठवत नव्हतं.

चष्मा तांदळाच्या डब्यात सापडला. असू दे. माझा मोबाइल एकदा फ्रिजमध्ये सापडला होता, तेव्हा मला कुणी पुण्याला नेलं नाही.

रविवार, १९ जानेवारी

रूपेशने त्यांना फोनवर सांगितलं. मला न विचारता! नानांनी फोन ठेवला. मग मला म्हणाले, "मी काय केलं?"

काय सांगू? ग्राइंडर फिरवलात? आयुष्यभर कुणाचं वाकडं न केलेल्या माणसाला?

आज कॉफी केली नाही.

मंगळवार, २१ जानेवारी

२२ सेकंद. ठिपका पुन्हा केसभर बाजूला. मला आता सेकंदांचं काही पडलेलं नाही. मला फक्त कळायला हवंय की नाना हे करतात, आणि करतात तर त्यांना आठवतं का. सव्वीसला पाच दिवस.

बुधवार, २२ जानेवारी

सापडलं!

फिरायला निघालो, तर कोपऱ्यावरच येसूबाईंच्या चपलेचा अंगठा तुटला. परत फिरलो. साडेसातला मी घरात. दिवा स्वयंपाकघरात. नाना ओट्याशी. डावा तळवा ग्राइंडरच्या अंगावर सपाट टेकवलेला, बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा. उजव्या हाताने कडं हळूच डावीकडे. अर्धा फेरा. मग वर फडकं टाकलं, आणि फडक्यावरून एकदा थोपटलं.

"नाना!"

दचकले. चोरी पकडलेल्या मुलासारखं तोंड. मीही ओरडायच्याच तयारीत होते. पण त्यांनी आधी घड्याळाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"साडेसात झाले. गिरण बंद करायची येळ."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. गिरण बंद करताना दगड सैल करायचे, वरचा खालच्यावर टेकलेला ठेवायचा नाही. "टेकले ऱ्हायले तर सकाळी सुरू करताना कोरडा दगड दगडाला खातो. पयल्या गिऱ्हाइकाच्या पिठात कच येते. भाकरी खाताना दाताखाली कच आली तर ती बाई तुला जन्मभर शिव्या घालंल." चाळीस वर्षं रोज संध्याकाळी साडेसातला सैल, रोज पहाटे साडेपाचला घट्ट. वीज गेलेली असो, ताप आलेला असो. गिरण विकली त्याच्या आदल्या संध्याकाळीसुद्धा.

"तुज्या गिरणीलाबी दगडच हायत. तू तशीच टाकून फिराया जातंस. माजा जीव राहीना."

आणि पहाटे? पहाटे उठून परत घट्ट करायचे, जवळजवळ होतं तिथे. अंदाजाने. त्यांचा अंदाज म्हणजे माझे एकोणीस, चौतीस आणि बावीस! मी ओल मोजत बसले, वीज मोजत बसले!

"मग मी विचारलं तेव्हा नाही का म्हणालात?"

"तू हात लावू नको म्हनालीस. मग काय सांगू?"

म्हणजे आठवत होतं. सगळं आठवत होतं! विसरत नव्हते, लपवत होते. मी खुर्चीत बसले आणि रडले, आणि रडता रडता हसले. नाना घाबरले. म्हणाले, "ऱ्हाऊ दे गं, नाय लावत हात."

लावा, म्हटलं. रोज लावा.

गुरुवार, २३ जानेवारी

पहाटे साडेपाचला दोघं ओट्याशी. मी गजर लावून, नाना न लावता. मोटर चालू करून नानांनी कान जवळ नेला आणि कडं उजवीकडे आणत गेले. एका ठिकाणी बारीकसा चर्र आवाज. थांबले. तिथून जरा मागे.

पहिली चिमूटभर पूड त्यांनी टाकून दिली — "पयली मूठ गिऱ्हाइकाला द्यायची नाय." नेटवर ह्याच गोष्टीवर लोकांनी लांबच लांब लेख लिहिलेत!

मग दुसरी चिमूट अंगठा आणि बोटात चोळली. डोळे मिटून. "भरड हाय. मोदकाच्या पिठापेक्षा जाड पायजे तुला, पन लाडवाच्या बेसनाच्या आत." केसभर घट्ट. पुन्हा चिमूट. "आता बग."

२७ सेकंद. सत्तावीस! मी अठरा दिवस डोकं फोडून घेतलं आणि ह्यांनी दोन चिमटीत.

शनिवार, २५ जानेवारी

२८. काल २९. नाना स्वतः पीत नाहीत. कपात डोकावतात, रंग बघतात, आणि कोरा चहा घेऊन बाहेर जाऊन बसतात. मालकासारखे.

रविवार, २६ जानेवारी

रूपेश आला. रिकामी बॅग घेऊन! नानांचे कपडे भरायला. ती बॅग दारात बघूनच माझं डोकं फिरलं, पण मी ठरवलं होतं, आज भांडायचं नाही. दाखवायचं.

त्याला ओट्यापाशी उभं केलं. नानांना बाहेर पाठवलं. तीन पुड्या बांधल्या — एक भरड, एक बरोबर, एक फार बारीक. पुड्यांवर काही लिहिलं नाही, कुठली कुठली ते फक्त रूपेशच्या हातात कागदावर. मग नानांना बोलावलं.

नानांनी आधी रूपेशकडे बघितलं. "तूबी परीक्षा घ्याया आलास?" पण बसले. पहिली चिमूट — "पानी हुईल ह्याचं." दुसरी — "हे मशीन बंद पाडंल." तिसरी चोळली, पुन्हा चोळली, वास घेतला. "हे कालचं हाय. हे हिला आवडतं."

रूपेशने कागद बघितला. तिन्ही कप काढले. अकरा सेकंद. दुसऱ्याचे थेंब मोजता आले असते. तिसरा — अठ्ठावीस! मी त्याला अठ्ठावीस दाखवलं आणि मग सांगितलं सगळं. साडेसात, दगड, कच, चाळीस वर्षं. हे विसरणं आहे का रे? हे तर न विसरणं आहे!

त्याचे डोळे भरले. म्हणाला, गिरणीत झोपायचो मी लहानपणी, पोत्यांवर, आवाज बंद झाला की जाग यायची. नानांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. रूपेश चाळीस वर्षांचा आहे, डोक्यावर केस फारसे उरलेले नाहीत.

जेवताना मात्र पुन्हा म्हणाला, "तरी ताई, एकदा दाखवून घेऊ. नुसतं दाखवायचं. उद्याची वेळ आहेच." मी म्हटलं, कशाला? म्हणाला, "मग पुढं ढकलतो." मी म्हटलं, ढकलायची नाही. रद्द कर. आत्ता. माझ्यासमोर. मीठ, लाडू, चष्मा, सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलंय, मी रोज असते इथे, मला माहीत नसेल?

त्याने माझ्यासमोर फोन लावला आणि रद्द केली. रिकामी बॅग रिकामीच परत गेली. जिंकले!

सोमवार, २७ जानेवारी

२८. आभाळ ठेंगणं.

रविवार, २ फेब्रुवारी

येसूबाईंनी आज तिसरा कप मागितला! "कडू हाय पन जीव तरतरीत हुतो गं." मग त्यांच्यात आणि नानांत वाद, कुणाच्या तांदळाची भाकरी जास्त मऊ व्हायची. येसूबाई म्हणतात, नाना त्यांचं दळण नेहमी शेवटी घ्यायचे. नाना म्हणतात, शेवटी दगड तापलेला असतो, पीठ गरम उतरतं, तुमचं भलंच केलं. चाळीस वर्षांपूर्वीचं दळण, आणि भांडण आजचं.

नव्या बिया आणल्या. आधीच्यापेक्षा जरा काळ्या भाजलेल्या. मी म्हटलं, आता सगळं पुन्हा जुळवावं लागणार. नानांनी एक बी दातांनी फोडली आणि कडं जरा सैल केलं. २६, मग २८. मला पगार कशाचा मिळतो, कळत नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

साडेसातला मी मुद्दाम फिरायला उशिरा निघते आता. येसूबाई कुरकुरतात. मी दारातून बघते — तळवा, अर्धा फेरा, फडकं, थोपटणं. रोज तसंच. केसभरही कमी नाही, जास्त नाही. रूपेशला व्हिडिओ पाठवला. त्याने हृदय पाठवलं. लाल.

रविवार, ९ फेब्रुवारी

नानांनी आज मला "सोनू" म्हणून हाक मारली. आईचं नाव. "सोनू, पानी ठेव गं." मी ठेवलं. मला गोडच वाटलं. आईसारखी दिसायला लागले असेन. केसही तसेच पिकलेत.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

२८. कॉफीबद्दल आता लिहिण्यासारखं काही उरलंच नाही. सगळं जुळलं. रोजनिशीत दुसरं काहीतरी लिहायला शोधावं लागणार. बरंय.

बुधवार, १२ फेब्रुवारी

लॅबमध्ये उशीर. बस गेली, रिक्षा बदलत बदलत आले. घरी पोचायला साडेआठ. नाना टीव्हीसमोर. "जेवलात?" "जेवलो." भात तसाच होता. पुन्हा वाढला, पुन्हा जेवले. मला बघून जेवायला बसायची सवय त्यांना.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

ठिपके समोरासमोर. काल सकाळी ठेवले होते तिथेच, केसभरही हललेले नाहीत. पहाटे नाना उठलेच नाहीत. पहिल्याच कपाला अठ्ठावीस सेकंद.

साडेसातला उठून स्वयंपाकघरात आले. मी विचारलं, नाना, काल दगड सैल नाही केले?

ग्राइंडरकडे बघत राहिले. चष्मा वर, चष्मा खाली. जवळ आले.

"हे काय आणलंस गं? गिरण?"

रूपेशला फोन केला. वेळ घे म्हटलं.